तीन बोटं

टांडापेठेत कोणी तोंडावर दार लावत नाही.
उघडंच ठेवतात, आणि आत निघून जातात.

मागच्या साली पांढरी गाडी आली होती.
नाईक तलावाजवळ मंडप, बिस्किटं, फोटो.
सत्तेचाळीस जणांनी आ केला,
सत्तेचाळीस नावं कोणीतरी निळ्या शाईनं लिहिली
आणि गाडी गेली ती गेली.
रिपोर्टची वाट पाहता पाहता
निमजेंची पार्वता गेली.
मागे तीन पोरी, आणि लुगड्याच्या घडीत
त्या गाडीचं टोकन. नंबर एकोणतीस.

म्हणून मी टॉर्च घेऊन आले तेव्हा
"आता काऊन आली वं?" एवढंच विचारलं लोकांनी.
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी दर मंगळवारी येत राहिले.

पहिले तीन महिने टॉर्च पिशवीतच.
कोणाचं रेशन कार्डावरचं चुकलेलं नाव नीट करून आणलं,
कोणाला मेडिकलची खिडकी दाखवली,
चार नंबरची नाही, जिन्याखालची;
चार नंबरवाला जेवायला जातो तो जातोच.
एकदा एकीला म्हणाले,
"काही नाही निघणार, घाबरू नको."
आणि निघालं.
तिच्या सासूनं माझ्यासमोर
पाण्याचा भरला गंज अंगणात ओतला.
तेव्हापासून म्हणते: माहीत नाही. पाहू. सोबत येते.

देवाजी हेडाऊ. वय एकसष्ट, लूमवर चाळीस वर्षं.
गल्लीला ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं:
त्या सावजी घरात सहा महिन्यांपासून
एक वाटी वेगळी शिजते, बिनमिरचीची,
आणि शेवंताबाई ती पदराआड नेतात
चोरीची असल्यासारखी.

ते पानठेल्यावर बसले होते.
म्हटलं, "काका, तोंड उघडा.
तीन बोटं उभी गेली पाहिजेत."
खर्रा घोटायचा आवाज थांबला.
ते म्हणाले, "आधी तुह्यं उघड."

माणसं हसली.
मी टॉर्च त्यांच्या हातात दिला.

एकोणीस वर्षं मी गुडाखू घासते.
पहाटे, दार लावून, आईनं लावलेली सवय.
प्रशिक्षणात पहिल्या बाकावर बसून
गालांच्या चित्रांखाली रेघा मारल्या मी,
आणि घरी येऊन डबी उघडली.
आता उजेड माझ्या गालाच्या आत फिरत होता
आणि थानभर कापडात
एक तुटला धागा ज्याला दिसतो
तो माणूस वाकून पाहत होता.

"डाव्या अंगानं पांढरं हाये वं, पोरी."

आता कोणी हसलं नाही.
त्यांनी टॉर्च बंद केला, बनियनला पुसला,
परत दिला.
मग स्वतःचं तोंड उघडलं,
उघडत होतं तेवढं.

दीड बोट.

बुधवारी आम्ही बसमध्ये,
शेवंताबाई मधे, मांडीवर डबा.
जिन्याखाली रांग. त्यांची फाईल माझ्याकडे,
माझी त्यांच्याकडे;
असं काही ठरलं नव्हतं.
"सुई लावली का पसरते म्हणते," ते म्हणाले.
"मलाही लावणार आहेत, काका."
ते काही बोलले नाहीत. माझी फाईल
उलटी धरली होती, ती सुलटी केली.

तेवढ्यात मागून कोणी ओढणीला हात लावला.
निमजेंची मोठी पोर.
कॉलेज बुडवून आली होती, गालात जीभ फिरवत.
तिनं मूठ उघडली.
घडीवर घडी पडून मऊ झालेलं टोकन,
एकोणतीस नंबर अजून वाचता येत होता.

"ताई, हे चालते काय वं?"

खिडकी उघडायला अर्धा तास होता.
मी तिला माझ्या पुढे घेतलं.